कुशाबाईंची ओवरी

कुशाबाई चार संस्थांच्या अध्यक्ष होत्या आणि चारही संस्थांत मिळून खुर्ची एकच होती. ती त्यांनी मला दिली होती, कारण मी चिटणीस होतो आणि माझे गुडघे दुखत. त्या स्वतः घोंगडीवर बसत. पाहुणा आला की मला उठावं लागे, आणि पाहुणे नेमके माझे गुडघे ठणकत असतानाच येत.

चार संस्था म्हणजे सार्वजनिक वाचनालय, बालवाडी, प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग आणि महिला भजनी मंडळ. नावं ऐकून कुणाला वाटेल, मोठी इमारत असेल. चाकणच्या पुढे भामा नदीच्या काठी आमची करंजवाडी. तिथे भैरवनाथाच्या देवळाला लागून एक ओवरी होती. तीन बाजूंना दगडी भिंत आणि पुढे फळ्या ठोकून केलेलं दार. एकोणीसशे पंचावन्न साली सगळं त्या एका ओवरीत चाले. सकाळी बालवाडी, दुपारी जेवणं उरकल्यावर वर्ग, दिवस कलायच्या आत वाचनालय आणि एकादशीला भजन. ओवरीची किल्ली कुशाबाईंच्या कमरेला असे. पुढे एकोणसाठ साली हायस्कूल निघालं, त्याच्याही त्या अध्यक्ष झाल्या, आणि तेव्हा खुर्च्या आल्या. तिथवर त्या कशा पोचल्या हे सांगायचं, तर ओवरी जाता जाता राहिली तो प्रसंग सांगावा लागतो. त्यात माझीही एक घोडचूक आहे. ती मी लपवणार नाही, पण सुरुवातीलाच सांगणारही नाही.

मी ज्योतीराम. गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर, मूळचा माण तालुक्यातला. गावात लिहितावाचता माणूस म्हणून पोस्टकार्डं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता. आमच्या गावचे पंधरावीस गडी तिथे आणि खडकीला कामावर होते, आणि त्यांची पत्रं यायची. चावडीपुढच्या कट्ट्यावर बसून मी ती वाचायचो. चांगली वाचायचो, खणखणीत आवाजात. त्याचा मला थोडा गर्वही होता.

त्रेपन्न साली कुशाबाई खडकीहून गावी राहायला आल्या. यजमान बबनराव दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, दम्याने बेजार होऊन घरी बसले. आल्यावर आठच दिवसांत त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, तुमी आमच्या बायकांची पत्रं वाचता," त्या म्हणाल्या. "लई झ्याक वाचता. पर आता पुरं."

मला राग आला. फुकटची सेवा करावी आणि वर हे ऐकून घ्यावं! मी तसं बोललोही. मग त्यांनी उभ्याउभ्याच मला स्वतःची हकीगत सांगितली. लग्नाला दीड वर्ष झालं असताना त्यांचं पहिलं बाळ पोटातच गेलं. बबनराव तेव्हा एकटेच खडकीला होते. त्यांनी काळजीपोटी पत्र धाडलं, की हिचं रक्त जायचं थांबलं का, हिला उठून बसवतं का. ते पत्र तेव्हाच्या मास्तरांनी चावडीपुढे मोठ्याने वाचलं. विडी ओढत बसलेल्या गड्यांनी ऐकलं, पोरांनी ऐकलं. कुशाबाई महिनाभर पाणवठ्यावर गेल्या नाहीत. पुढे खडकीला नवऱ्याबरोबर राहायला गेल्यावर शेजारच्या रुक्मिणीबाई त्यांना कामगार कल्याण केंद्रातल्या बायकांच्या वर्गाला घेऊन गेल्या. तिथे तिशी उलटल्यावर त्या वाचायला शिकल्या.

"ते पत्र म्या अजून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "शिकल्यावर पयलं तेच वाचलं. एकलीनं."

मला माझ्या खणखणीत आवाजाची लाज वाटली, आणि त्यांच्या वर्गाचा चिटणीस व्हायला मी त्याच दिवशी कबूल झालो. पुढे अनेकदा पस्तावलो, पण ते कामाच्या ओझ्यापायी.

दोन वर्षं बरं चाललं. पंचावन्नच्या दिवाळीनंतर मात्र ओवरीवर संकट आलं. गावची सोसायटी सरकारी खत आणत होती आणि ते ठेवायला जागा नव्हती. देवळाचे पंच आबाजी. गावातलं सर्वांत वडीलधारं माणूस, सत्तरीला टेकलेले, ताठ. त्यांनी पंचांची बैठक बोलावली आणि ओवरी सोसायटीला द्यायचा विषय काढला. आबाजी दुष्ट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आदल्या पावसाळ्यात त्यांच्याच पडवीत खताची पोती भिजून दगड झाली होती.

"खत भिजलं तर गावाचं पीक जातं," ते म्हणाले. "पाटी भिजली तर काय जातं? पुसून घ्यायची."

कुशाबाई दाराशी पदर घेऊन बसल्या होत्या. नात्याने आबाजी त्यांचे चुलत सासरे. आमची करंजवाडी म्हणजे दोनचार घरं सोडली तर सगळी एकच भावकी. त्यामुळे त्या मान वर न करता बोलत, पण बोलायच्या थांबत नसत.

"मामंजी, चैतापतुर ओवरी राहू द्या," त्या म्हणाल्या. "पाडव्यानंतर सरकारी सायेब येऊन वर्गाची परीक्षा घेनार हायत. बारा बायका पास झाल्या तर वर्ग मंजूर, आन ओवरी आमची. बारातली एक जरी कमी पडली, तर किल्ली म्या सोता आनून तुमच्या हातात दीन. मग वाचनालय बी बंद, बालवाडी बी बंद."

मी बाजूने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होतो, कारण वर्गात तेव्हा आठ बायका होत्या.

आबाजी हसले. "बारावी माझी सून घ्या," ते म्हणाले. "गवरा. तिला आलं तर देवाला बी येईल."

सगळे पंच हसले. कुशाबाई हसल्या नाहीत. "घेतली," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

आबाजींनी हे थट्टेत म्हटलं, पण शब्द दिला म्हणजे दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी गवराबाई ओवरीच्या दाराशी आली. पंचविशीची, अंगाने बारीक, कडेवर पोर. आबाजींचा मुलगा सोनबा याची बायको. पहिले आठ दिवस ती तोंडातून अक्षर काढत नव्हती. उरलेल्या तिघी मिळवायला कुशाबाई घरोघर फिरल्या. कुणाच्या चुलीपुढे बसून लसूण सोलून दिला, कुणाच्या सासूचे पाय चेपले, एका घरी तर दोन दिवस शेण्या थापल्या. मी म्हटलं, "अहो, तुम्ही अध्यक्ष आहात." त्या म्हणाल्या, "मग? अध्यक्षाला शेन लागत न्हाई का?"

माघ सरला आणि कांदा काढायला आला. चाकणच्या बाजारात कांद्याला भाव होता. घराघरातल्या बायका शिवारात गेल्या आणि ओवरी रिकामी पडली. मी मनातल्या मनात किल्ली देऊन टाकली. कुशाबाईंनी मात्र फळा उचलून डोक्यावर घेतला आणि मळ्यात नेऊन बाभळीला टांगला. बायका उकिडव्या बसून विळ्याने कांद्याची पात कापायच्या आणि कुशाबाई एकेक अक्षर ओरडायच्या. बायका कांद्याच्या पातीने मातीत ते काढायच्या. डोळ्यांतून पाणी सगळ्यांच्याच यायचं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण शिकतंय हे मला कळत नसे. पण फाल्गुन संपता संपता गवराबाई मातीत आख्खं वाक्य काढू लागली. एकदा तिने 'पोराला ताप आहे, घरी जाते' असं मातीत लिहिलं आणि न बोलता उठून गेली. कुशाबाई त्या मातीभोवती कुणाला फिरकू देईनात. संध्याकाळपर्यंत ते वाक्य तसंच होतं.

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. शिकवायच्या पुस्तकात मध्येमध्ये माणसांची नावं येत. त्यात बबन हे नाव फार. कुशाबाईंच्या यजमानांचं नाव बबनराव. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं, भावकीतल्या वडीलधाऱ्याचं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेव्हा बबन आला की कुशाबाई त्यावर नुसतं बोट ठेवत आणि पुढच्या शब्दाला जात. मग कुणाच्या सासऱ्याचं नाव आलं की ती बोट ठेवी आणि पुढे जाई. पहिल्यापासून वर्ग असाच वाचत होता. कुणाला त्यात काही खटकलं नाही. मी शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होतो, मलाही नाही. माझी स्वतःची आई मरेपर्यंत माझ्या वडिलांना 'हे' म्हणत होती.

आणि आता माझी घोडचूक. परीक्षेच्या महिनाभर आधी तपासनीसांचं पत्र आलं. उद्धवराव त्यांचं नाव. भला माणूस. त्यांनी लिहिलं होतं, की परक्या गावच्या गोष्टी वाचताना बायका बुजतात, म्हणून मी उतारा तुमच्याच गावावर तयार करतो. गावाची माहिती आणि चार माणसांची नावं कळवावीत. मला कोण आनंद झाला! मी वळणदार अक्षरात कळवलं, की देवळाचे पंच आबाजी, त्यांचे चिरंजीव सोनबा कांदा उत्तम काढतात, दत्तोबा पिंपरीच्या कारखान्यात आहेत, बाळाजींनी नवी विहीर खणली आहे. आबाजींचं नाव मी मुद्दाम पहिलं घातलं. म्हटलं, म्हातारा खूश होईल.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी उद्धवराव चाकणपर्यंत एस.टी.ने आणि तिथून सायकलवर आले. ओवरी सारवलेली होती. बारा बायका ओळीने बसल्या होत्या, नवी लुगडी नेसून. मी खुर्चीवरून उठलो, साहेब बसले. आबाजी पंचांना घेऊन खांबाशी बसले होते. उद्धवराव कुशाबाईंना नम्रपणे म्हणाले, "बाई, शिकवणाऱ्यांनी परीक्षेला समोर बसायचं नाही, असा नियम आहे." कुशाबाई बालवाडीची पोरं घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या.

साहेबांनी पिशवीतून पुठ्ठा काढला. त्यावर मोठ्या अक्षरात उतारा होता. आधी तानाबाई उठली. ती गावची लेक, नवरा वारल्यावर माहेरी आलेली. तिने घडाघडा वाचलं. "आमचे गाव करंजवाडी. गावात भैरवनाथाचे देऊळ आहे. आबाजी देवळाचे पंच आहेत. सोनबा मळ्यात कांदे लावतो..." शेवटपर्यंत. आपलं नाव सरकारी पुठ्ठ्यावर आलेलं ऐकून आबाजींनी मिशीवरून हात फिरवला. मग सुतारांची अंबुबाई उठली. तिनेही वाचलं, जरा अडखळत, पण वाचलं. माझा जीव भांड्यात पडला.

तिसरी गवराबाई. तिने पुठ्ठा हातात घेतला. "आमचे गाव करंजवाडी. गावात भैरवनाथाचे देऊळ आहे." आणि थांबली.

"पुढे?" साहेब म्हणाले.

गवराबाई गप्प.

"हा शब्द कोणता?"

तिने पदर आणखी पुढे ओढला. मान खाली गेली. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि कागदावर फुली मारली. चौथी उठली, दोन वाक्यं वाचून तिथेच थांबली. पाचवीही तिथेच, सहावीही तिथेच. मी मागून कुजबुजत होतो, "अगं, आ! आईचा आ!" साहेबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. दहाच्या दहा बायका त्याच एका शब्दाशी येऊन मुक्या झाल्या. दहा फुल्या पडल्या.

माझं डोकं फिरलं. मी साहेबांचा मुलाहिजा न ठेवता ओरडलो, "चार महिने काय कांदेच कापलेत का? पहिलीतलं पोर वाचील हा शब्द!" बायका रडायला लागल्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही. आज आठवलं की माझंच तोंड मला चोपावंसं वाटतं. कारण आपण का थांबलो हे सांगायचं, तरी त्यांना तेच नाव घ्यावं लागणार होतं, आणि तो सासरा समोर खांबाला टेकून बसला होता.

आबाजी काठी टेकत उठले. "झालं न्हवं?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हेही खरं. सुनेचं रडणं त्यांना बघवत नसावं. "कुशाला म्हनावं, किल्ली दे."

कुशाबाई पायऱ्यांवरून आल्या. त्यांनी बायकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि साहेबांना म्हणाल्या, "सायेब, तो पुट्टा जरा बघू?" त्यांनी तो मनातल्या मनात वाचला. तिसऱ्या वाक्याशी त्यांचे डोळे थांबलेले मला दिसले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, आणि मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं.

"चूक माजी हाय," कुशाबाई म्हणाल्या. "ह्यांची न्हाई. म्याच ह्यांस्नी तशी सवय लावली. सायेब, ह्या पुट्ट्यावर आमची मानसं हायत. वडीलधारी. ह्या दोगीतली एक गावची लेक, दुसरी भावकीबाहेरची, त्यांनी वाचलं. बाकीच्या समद्या सुना. त्यांनी वाचलंय. तोंडानं बोलता येत न्हाई."

उद्धवरावांनी चष्मा काढला. "माझ्या घरीही हेच आहे," ते हळूच म्हणाले. "पण बाई, नियमात मोठ्याने वाचन म्हटलंय. न उच्चारलेला शब्द वाचला, असं मी लिहू कसं? आणि नवा उतारा कचेरीतून मंजूर व्हावा लागतो. पुढची फेरी दिवाळीनंतर."

"दिवाळीपतुर खत काय डोक्यावर घेऊन बसू?" आबाजी म्हणाले. "शब्द दिलाय कुशानं. एक जरी कमी पडली तर, असं म्हनली व्हती."

कुशाबाईंनी कमरेची किल्ली काढली. मला वाटलं, झालं. पण ती त्यांनी आबाजींना दिली नाही, मुठीत धरून ठेवली. किल्लीचे दाते तळव्यात रुतलेले मी नंतर पाहिले.

"लिवायची परीक्षा राहिलीय न्हवं, सायेब?"

"वाचनात उतरतात त्यांचंच लेखन घेतो आम्ही."

"आदी वाचन, मग लेखन, असं लिवलंय का नियमात?"

उद्धवरावांनी कागद उलटसुलट पाहिला. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. कुशाबाई बायकांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. मळ्यात अक्षरं ओरडणाऱ्या बाई त्या क्षणी अगदी हळू बोलल्या.

"बायांनो, वडीलधाऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई, ह्ये तुमास्नी कुनी सांगितलं?"

"सासूनं," कुणीतरी म्हणालं.

"लिवायचं न्हाई, असं कुनाच्या सासूनं सांगितलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"कशी सांगंल?" कुशाबाई म्हणाल्या. "आजवर आपल्या भावकीत लिवनारी सूनच झाली न्हाई."

आबाजींना काहीतरी हरकत घ्यायची होती, पण सापडेना. सत्तर वर्षांत ही वेळ गावावर आलीच नव्हती, तर तिची रीत कुठून असणार!

उद्धवरावांनी चष्मा परत घातला. त्यांच्या आवाजात एकदम हुशारी आली. "ठीक आहे. मी पुठ्ठा पिशवीत ठेवतो. फळा झाका. कुणी एक अक्षर बोलायचं नाही. जो शब्द वाचताना अडला, तो प्रत्येकीने पाटीवर लिहायचा. तो बरोबर लिहिला, तर तिने तो वाचला होता, असं मी सहीनिशी लिहीन. पुढच्या ओळी मग नावं सोडून वाचून घेईन."

पाट्या मांडीवर आल्या. कुणीच पेन्सिल टेकवेना. मग गवराबाईने पाटी छातीशी धरली, सासऱ्याकडे पाठ केली आणि लिहायला लागली. तिची पेन्सिल करकरली, तशा बाकीच्यांच्याही करकरू लागल्या. गवराबाईने एकदा पुसलं, परत लिहिलं. मग पाटी साहेबांकडे फिरवली.

साहेबांनी पाटी पाहिली, खांबाजवळ उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर." फुली खोडली. मग दुसरी पाटी. बरोबर. तिसरी. बरोबर. दहाही पाट्या पाहून आणि उरलेल्या ओळी वाचून झाल्या तेव्हा कुशाबाई मटकन खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आबाजी पुढे आले. त्यांनी सुनेच्या हातातली पाटी घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"काय लिवलंय?"

त्यांनी पाटी सुनेपुढे केली.

"माझं हाय का सोनबाचं?"

गवराबाईने मान खाली घातली. सोनबाचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. तिला हेही सांगता येणार नव्हतं आणि तेही. मी सांगायला पुढे झालो.

"गुरुजी," कुशाबाई म्हणाल्या. एवढंच. मी थांबलो. मग त्या डोळे पुसत आबाजींना म्हणाल्या, "मामंजी, मला बी सांगता येत न्हाई. म्या बी तुमची सूनच."

म्हाताऱ्याने पाटी एकदा वळवून पाहिली. चावडीवर एवढी भांडणं तोडणारा माणूस, पण आपल्या सुनेने काय लिहिलंय हे परक्याला विचारायची त्याला लाज वाटली असावी. त्याने पाटी घोंगडीवर ठेवली. "खत माझ्या गोठ्यात ठिवा," पंचांना म्हणाला, "बैलं बाहीर बांधीन." आणि निघून गेला. किल्ली मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी गवराबाई पाटी पुसायला लागली, तर कुशाबाईंनी ती काढून घेतली आणि वाचनालयाच्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगली. आबाजी वाचनालयाच्या वेळेला येऊ लागले. कालचं वर्तमानपत्र कुणी वाचत असेल तर ऐकायचे, आणि नजर त्या पाटीकडे. महिना असा गेला. एके दिवशी सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर घोंगडीवर बसले.

"मास्तर, मला शिकव," ते म्हणाले. "पर ते काय लिवलंय ते सांगू नगंस. माझं मी वाचीन."

मला वाटलं, यांना त्यांचं नाव तेवढं शिकवावं, आठ दिवसांचं काम. कुशाबाई म्हणाल्या, "न्हाई. गवरा शिकली तसंच पयल्यापासनं." त्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. म्हाताऱ्याचा हात थरथरायचा, डोळ्यांनी दिसायचं कमी. दोनदा रागावून पाटी टाकून गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत आले. पेरणी झाली, पोळा झाला. दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी, अजून ऊन होतं, ते उठून खिळ्याजवळ गेले. पाटीवर बोट ठेवलं. आ. बा. जी. परत पहिल्यापासून वाचलं. मग पाटी काढून मांडीवर घेऊन बसले आणि तिच्याकडे पाहत राहिले.

"माझंच हाय," ते म्हणाले.

कुशाबाई कपाटात पुस्तकं लावत होत्या. त्या वळल्या नाहीत. आबाजींनी माझ्याकडून पेन्सिल घेतली. मला विचारलं नाही, कुशाबाईंनाही विचारलं नाही. आपल्या नावाखाली त्यांनी एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. फार वेळ लागला. तेवढ्यात गवराबाई बालवाडीतली भांडी न्यायला आली. सासऱ्याला पाहून दाराशीच थबकली.

"गवरा, हिकडं ये," आबाजी म्हणाले आणि पाटी तिच्यापुढे धरली. "खालचं वाच. मोठ्यानं."

तिने वाकून पाहिलं. हे नाव घ्यायला तिला कुणाचीच बंदी नव्हती.

"गवराबाई," तिने वाचलं.

"ऐकू आलं न्हाई," म्हातारा म्हणाला.

मग तिने ते देवळापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.